विधी टाळला, पण त्याचं काम कोण करणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तेरवीचा खर्च टाळून शाळेला देणगी दिली, राख नदीत न सोडता शेतात झाड लावलं, अशा बातम्या आता मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून येतात. त्या छापल्या जातात याचा आनंद आहे. पण बातमी जिथं संपते तिथून त्या घराची खरी परीक्षा सुरू होते आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. देव, आत्मा, परलोक यांवर विश्वास नसलेल्या घरात माणूस गेलं की काय करायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं : भटजी नाही, पिंड नाही, सुतक नाही. काय करायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. मग चौथ्या दिवशी मुलं पुण्याच्या गाडीला बसतात, सोयरे आपापल्या गावी जातात आणि मागे राहिलेलं माणूस रिकाम्या ओसरीवर बसून राहतं. आम्ही अशा घरांसोबत काम करतो. आमचं म्हणणं एवढंच आहे : श्रद्धा सोडता येते, पण विधी जे काम करत होता ते सोडून चालत नाही. ते दुसऱ्या रीतीनं, पण दिवस ठरवून, माणसं नेमून करावंच लागतं.

हे काम कोणतं ते नीट पाहायला हवं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. म्हणजे ज्यांना भूकही कळत नाही त्यांच्या पोटात दोन घास जातात. तिसऱ्या दिवशी राख सावडताना माणूस संपल्याचं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. दहाव्याला राहिलेली कामं निघतात. तेरवीला दुखवटा काढतात, टॉवेल-टोपी देतात, म्हणजे 'आता कामाला लाग' असं दहा माणसांदेखत सांगितलं जातं. यातल्या एकाही गोष्टीला आत्मा लागत नाही. 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी भटजी वगळला, सोहळा वगळला नाही. लग्नासाठी त्यांनी नवी मंगलाष्टकं रचली. आपल्याकडच्या बौद्ध कुटुंबांतही माणूस गेल्यावर जलदान आणि पुण्यानुमोदन होतं, माणसं जमतात, बोलतात. जुनं काढलं तेव्हा त्या जागी नवं ठेवायचं भान या दोन्ही परंपरांना होतं. आजच्या सुट्या सुट्या नास्तिक घरांना ते राहिलेलं नाही, म्हणून ती एकटी पडतात.

कावळ्याचंच घ्या. घाटावर पिंड ठेवतात आणि कावळा शिवला नाही की सगळे कुजबुजू लागतात : काय राहिलं असेल मनात? मग कुणीतरी पुढे होऊन मोठ्यानं म्हणतो, धाकटीचं शिक्षण मी बघतो. दुसरा म्हणतो, सोसायटीचं कर्ज आम्ही दोघं भाऊ फेडू. कावळा माणसांच्या गर्दीला बिचकतो, नव्या वस्तूजवळ लगेच येत नाही, घरट्याच्या दिवसांत त्याचं येणं-जाणं बदलतं. तो न येण्याची कारणं एवढीच. पण ज्या घरात आत्महत्या झालेली असते, तिथं न आलेला कावळा जन्मभर सलत राहतो. म्हणून कावळा सोडाच, पण ते वचन सोडू नका. दहाव्या दिवशी सकाळी घरातल्यांनी आणि भावकीतल्या दोघा-तिघांनी वही घेऊन बसावं. येणं किती, देणं किती, कुणाला काय कबूल केलं होतं, गोठ्याचं काय, विहिरीच्या मोटारीचं काय, मुलांचं काय, हे एकेका ओळीत लिहावं. प्रत्येक ओळीपुढे एक नाव आणि एक महिना. नावाशिवायची ओळ ठेवू नये. 'सगळे मिळून बघू' म्हणजे कुणीच बघत नाही. वही सर्वांसमोर मोठ्यानं वाचावी आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा उघडायची तारीख त्याच दिवशी ठरवावी.

त्याच वहीत सरकारी कामंही यावीत. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, पुढे विलंब शुल्क आणि हेलपाटे. सातबाऱ्यावर वारसांचा फेरफार, बँकेत वारसदाराचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे 20,000 रुपये मिळतात. नवरा गेलेल्या बाईसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही याच महिन्यात भरावा. शोकाच्या पत्रात हे कशाला, असं वाटेल. पण ज्या बाईला महिनाअखेरीला दुकानदाराचं बिल कसं द्यायचं हे कळत नाही, तिला कुठल्याही विचारानं दिलासा मिळत नाही.

पहिल्या सहा तासांत होणारी भांडणं सर्वांत वाईट. वडील नास्तिक, आई वारकरी, थोरला शहरात, धाकटा गावात आणि भावकी दारात. 'पाणी कोण पाजणार' यावरून तिरडीपाशी आवाज चढतात. आमचा सल्ला असा : गेलेल्या माणसानं लिहून ठेवलं असेल तर तेच करावं. लिहिलेलं नसेल तर सर्वांत जवळच्या माणसाचं ऐकावं, मग ते श्रद्धावान असो वा नसो. सत्तर वर्षांच्या आईला दिवा लावावासा वाटत असेल तर तिला अडवणं म्हणजे विवेकवाद नव्हे. तिनं दिवा लावावा, मुलानं लावू नये, कुणी कुणाला ओढू नये. ज्यांना आपला निरोप विनाविधी हवा आहे त्यांनी धडधाकट असतानाच एक पानभर मजकूर लिहावा : काय करावं, काय करू नये, आणि जोडीदाराला त्यातलं काय बदलायची मोकळीक आहे. त्यावर दोघांच्या साक्षी घ्याव्यात आणि एक प्रत भावकीतल्या अशा माणसाकडे द्यावी ज्याचा शब्द चालतो. कपाटातलं पान तेराव्या दिवशी सापडतं, हा नेहमीचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही श्रद्धेवर सोडू नये. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं हा दुःखाच्या क्षणी केलेला जुलूम आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये याविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानंही परिपत्रक काढलं. गर्दी जमण्याआधीच घरातल्या एका ठाम बाईनं त्या बाईशेजारी बसावं आणि तिथून उठू नये. एवढ्यानं बहुतेक वेळा निभावतं.

नेत्रदान आणि देहदान यांतून अनेक घरांना खरंच आधार मिळतो, फक्त तांत्रिक बाजू सांभाळावी लागते. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, एप्रिल-मेच्या उन्हात शक्य तेवढं लवकर. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला तरी चालतं. काम अर्ध्या तासात होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. देहदानासाठी छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागाला आधी फोन करावा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, आधार कार्डाच्या प्रती आणि नातेवाइकांची लेखी संमती लागते. अर्ज भरून ठेवला असला तरी ऐनवेळी नातेवाइकांनी नाही म्हटलं तर देहदान होत नाही. शवविच्छेदन झालेला देह, काविळीसारखे काही संसर्ग असलेला देह, कुजू लागलेला देह सहसा घेत नाहीत. म्हणजे अपघातात आणि आत्महत्येत हा मार्ग बंद असतो. हे घरच्यांना आधीच माहीत असावं, नाहीतर 'त्यांची शेवटची इच्छाही पुरी करता आली नाही' हा नवा घाव बसतो.

देहदानात आणखी एक अडचण येते, जी आधी कुणी सांगत नाही. गाडी येते, देह जातो. सरण नाही, राख नाही, जागा नाही. पुढे कित्येक महिने घरच्यांना वाटत राहतं की माणूस दवाखान्यातच आहे. म्हणून गाडी यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं ठरवून काढावीत. सर्वांनी चेहरा पाहावा, हात लावावा, ज्याला जे बोलायचं ते बोलावं, लहान मुलांनाही आणावं. डोळ्यांनी पाहिलेलं मन मानतं.

राखेचं झाड हा आता लोकप्रिय झालेला मार्ग आहे, आणि त्यात सर्वांत जास्त चुका होतात. एका सरणाला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागतं. त्याची राख आणि अस्थी मिळून मोठं घमेलं सहज भरतं. ही राख तीव्र क्षारयुक्त असते. चिमूटभर हळद पाण्यात कालवून त्यात ही राख टाकून बघा, पाणी कुंकवासारखं लालसर होईल. आपली काळी जमीन मुळात अल्कधर्मी, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. तिच्यात एका खड्ड्यात घमेलंभर राख ओतली की रोपाला लोह आणि जस्त मिळत नाही, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि दोन-तीन महिन्यांत रोप माना टाकतं. त्यातून मयत चैत्र-वैशाखातलं असेल आणि लगेच तिसऱ्या दिवशी झाड लावलं असेल तर ते जगायची शक्यताच कमी. घरच्यांना ते दुसरं मरण वाटतं. आई म्हणते, बघा, त्यांना पटलं नाही. श्रद्धा नसलेल्या घरातही हे वाक्य निघतं.

करायचं ते असं. राख आणि अस्थी पूर्ण थंड झाल्यावर मातीच्या मडक्यात भरून, तोंडाला फडकं बांधून, पावसाचा थेंब लागणार नाही अशा जागी ठेवावीत. खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा, 2 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट खोल. तीन-चार इंच पाऊस झाला, जमिनीत ओल उतरली की लागवड करावी. अस्थी तळाशी ठेवल्या तर चालतात, हाडातला चुना आणि स्फुरद अतिशय सावकाश विरघळतो, रोपाला त्रास होत नाही. वरची माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत एकत्र करून त्यात फक्त दोन ओंजळी राख नीट मिसळावी. उरलेली राख निदान गुंठाभर रानात पातळ फेकावी. तीन-चार फुटांची रोपं घ्यावीत, आणि एक नव्हे, तीन लावावीत. कडुनिंब, चिंच, जांभूळ आपल्या जमिनीत आणि उन्हात टिकतात. भारी काळ्या रानात आंब्याचा हट्ट धरू नये. भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण, बुंध्यापासून वीतभर सोडून सोयाबीनच्या भुसकटाचं चार बोटं आच्छादन. पहिली दोन-तीन वर्षं जानेवारी ते मे आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी, आणि हे पाणी कोण घालणार त्याचं नाव वहीत. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसलं वर्ष आलं तर लागवड पुढच्या मृगापर्यंत लांबवावी, मडकं थांबू शकतं.

जागाही विचारानं निवडावी. धुऱ्यावर लावलेलं झाड मोठं झालं की शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडते आणि बापाच्या आठवणीवरून तहसीलपर्यंत भांडण जातं. धुऱ्यापासून निदान पंधरा फूट आत घ्यावं. वाटणी व्हायची असेल, जमीन विकायचा विचार असेल तर शेतात लावूच नये. शाळेच्या आवारात किंवा गावाच्या जागेत ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन लावावं.

श्रद्धांजली सभा तेराव्या दिवशी, पाऊण तासात आटोपावी. पाच-सहा जणांनी चार-चार मिनिटं बोलावं आणि प्रत्येकानं एकच प्रसंग सांगावा. बोलणारे आधी ठरवावेत : एक शेजारी, एक सोबत काम केलेला, एक नातवंड, एक असा ज्याच्याशी त्यांचं पटत नव्हतं. पुढाऱ्यांची भाषणं आली की सभा त्यांची होते, माणूस बाजूला राहतो. फोटोशेजारी त्यांच्या रोजच्या वापरातली एक वस्तू ठेवावी, विळा, चष्मा, टेलरची कात्री, काहीही. माणसाचे दोषही बोलले जावेत, कुणाच्या मनाला न लागता. ज्याला घरच्यांनी ओळखलं होतं तोच माणूस सभेत दिसला तर रडू मोकळं होतं. 'आत्म्यास शांती लाभो' म्हणवत नसेल तर काय म्हणावं, असं अनेक जण विचारतात. 'त्यांची मला ही आठवण आहे', 'गुरुवारी डबा मी आणतो', 'रात्री झोप लागली नाही तर फोन करा, मी जागा असतो.' एवढं पुरतं. 'वेळ सगळं विसरायला लावते' आणि 'आता मुलांकडं बघून जगा' ही दोन वाक्यं टाळावीत.

मुलांशी बोलताना खरा शब्द वापरावा. 'देवाघरी गेले', 'झोपले', 'तारा झाले' म्हटलं की पाच-सहा वर्षांचं मूल परत येण्याची वाट बघतं, नाहीतर झोपायला घाबरतं. 'आजोबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत.' मूल हेच दहा वेळा विचारेल, दहा वेळा सांगावं. आणि एक जोड द्यावीच : तू काही केलंस म्हणून हे झालं नाही.

'आमच्याच वाट्याला का?' हा प्रश्न श्रद्धावानांना पडतो तसाच नास्तिकांनाही पडतो. त्याच्या उत्तरासाठी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीकडं पाहावं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. सामुदायिक चिता पेटल्या, कुणाचे दिवस कोण करणार अशी गत होती. कोप, पाप, कर्म अशी उत्तरं तेव्हा पुष्कळ निघाली. खरं उत्तर असं होतं की भूकंपाचा धोका कमी मानलेल्या या पट्ट्यात जमिनीखाली ताण साठला होता, आणि मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती व वरचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, ओझं झोपेतल्या माणसांवर कोसळलं. या उत्तरानं दुःख कमी होत नाही. पण अपराधाची भावना निघून जाते, आणि हाताला काम मिळतं : घर वेगळं बांधायचं. घराघरातल्या मरणालाही हेच लागू आहे. 'वेळेत नेलं असतं तर' हा किडा पोखरत असेल तर महिनाभरानं फाईल घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जावं, तीन-चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, भांडायला नव्हे, समजून घ्यायला. कधी उत्तर येतं की काही करता आलं नसतं. कधी येतं की थोडा उशीर झालाच. दुसरं उत्तर जड आहे, तरी ते अंदाजापेक्षा हलकं असतं, कारण त्याला शेवट असतो.

दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) असतात हे आता शाळेतही सांगतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. आपल्याला राग आला नाही म्हणून आपलं दुःख खोटं, असं कुणी समजू नये. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये मांडलेलं वर्णन आमच्या अनुभवाला जास्त जुळतं : माणूस कधी दुःखात बुडतो, कधी त्यातून वर येऊन पेरणीचं बियाणं आणतो, पुन्हा बुडतो, आणि हे हेलकावेच त्याला जगवतात. म्हणून हसू आलं तर गुन्हा नाही. चौथ्या महिन्यात पुन्हा ढसाढसा रडू आलं तर मागे गेलो असंही नाही. पोळा, दिवाळी, लग्नाचा वाढदिवस, पहिली पेरणी या तारखा वहीत आधीच लिहून ठेवाव्यात आणि त्या दिवशी घरी कोण येणार ते ठरवावं. गर्दी तेराव्यापर्यंत असते, गरज तिसऱ्या आठवड्यापासून लागते. भावकीनं आणि मित्रांनी पाळी लावून तीन महिने, आठवड्यातून एकदा, नुसतं येऊन बसावं.

सहा महिन्यांनंतरही रोजची ओढ तसूभर कमी होत नसेल, जेवण-झोप-काम कोलमडलेलंच असेल, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेनंही आजार म्हटलं आहे आणि त्यावर उपचार आहे. मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने काय, सहा तासही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शेतकरी आत्महत्येच्या घरात तर मागे राहिलेल्यांना कुणीतरी पहिल्या आठवड्यातच सोबत घेऊन जावं. तिथं पंचनामा, मदतीचे कागद आणि गावाची कुजबूज एकाच वेळी अंगावर येते.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. निधनवार्तेत घरच्यांनी 'निधन झाले' एवढंच लिहून दिलं असेल तर त्याचं 'देवाज्ञा झाली' किंवा 'वैकुंठवासी' करू नये. आणि 'दशक्रिया विधी अमुक घाटावर' ही ओळ छापता त्याच जागी, त्याच अक्षरात, 'स्मृतिसभा अमुक दिवशी, अमुक वाजता, राहत्या घरी' ही ओळही घ्यावी, म्हणजे लोकांना कधी आणि कुठं यायचं ते कळेल.

आपले,
शोकग्रस्त कुटुंबांसोबत काम करणारे कार्यकर्ते,
अंबाजोगाई, जि. बीड